वीताई आणि तीनशे बारा डॉक्टर

बावीस वर्षं मी वीताईच्या मागे कॅमेरा घेऊन पळालो. पळालो हा शब्द मी विचार करून वापरतोय. टीव्हीवर जिला शोधपत्रकारिता म्हणतात, ती बरीचशी पळापळच असते. पुढे ज्याने लबाडी केली तो, त्याच्या मागे माइक घेतलेली ताई आणि तिच्या मागे अकरा किलोचा कॅमेरा खांद्यावर घेतलेला मी, ख्वा. माझे दोन्ही गुडघे लोकशाहीच्या कामी आले.

तिचं खरं नाव लाक तुआंग वी. चॅनलनं तिला विवियन केलं आणि आडनाव तेवढं राहू दिलं. पण 'लाक'चा उच्चार आमचे निवेदक 'लॅक' असा करायचे, आणि इंग्रजीत लॅक म्हणजे उणीव. म्हणजे रोज संध्याकाळी सहा वाजता अख्ख्या लॉस एंजेलिसला विवियन उणीव बातम्या द्यायची. ताईनं पहिल्या आठवड्यात एकदा उच्चार सांगून पाहिला. मग सोडून दिलं.

सात वर्षांची असताना ती व्हिएतनामहून होडीतून निघाली, मलेशियाच्या छावणीत वर्षभर राहिली आणि मग आई-बाबांबरोबर लॉस एंजेलिसजवळच्या वेस्टमिन्स्टरला आली. तिचे वडील, तुएन गुरुजी, तिकडे कान थोला शाळेत भूगोल शिकवायचे. इथेही त्यांना शाळेतच नोकरी मिळाली, फरशी पुसायची. आई, म्हणजे आमच्या काकू, बोल्सा रस्त्यावर, आमच्या लोकांच्या बाजारपेठेत, कपडे उसवून-शिवून द्यायच्या. पोरीनं औषधांचं दुकान काढावं एवढीच त्यांची इच्छा होती. ताई टीव्हीत जाते म्हणाली तेव्हा काकू म्हणाल्या, "टीव्हीवाल्यांचं डोकं दुखलं की ते कुणाकडे जातात? औषधवाल्याकडेच ना? मग तू मधल्या माणसाकडे कशाला थांबतेस?"

ताईनं ऐकलं नाही. वाळवंटातल्या एका छोट्या चॅनलवर तीन वर्षं धूळ आणि कांद्याचे भाव यांच्या बातम्या देऊन ती मोठ्या चॅनलवर आली. तिथले वृत्तसंपादक हॅल्वर्सन. माणूस वाईट नव्हता, फक्त आशिया हा त्यांना एकच देश वाटायचा. जपानला भूकंप झाला की, "विवियनला बोलवा." फिलिपिन्सला निवडणूक लागली की, "विवियन, तुमच्याकडे वातावरण कसं आहे?" आणि आमच्या 'तेत' या नववर्षाला दर फेब्रुवारीत तिला रेशमी आओ याय, म्हणजे आमचा लांब पारंपरिक अंगरखा, घालायला लावून सिंहनाचापुढे उभं करायचे, अठ्ठावीस सेकंदांसाठी. सहा वर्षं तिनं त्या सिंहापुढे उभं राहून काढली. सिंहाच्या पुढच्या पायातला माणूस तिला नावानं ओळखायला लागला होता.

मग तो छपरं दुरुस्त करणारा ठेकेदार सापडला. म्हाताऱ्या लोकांची धडधाकट छपरं उसवायची, नवीन म्हणून जुनीच कौलं लावायची, असा त्याचा धंदा. ताई त्याच्या दारात गेली आणि म्हणाली, "मी विवियन लाक. दोनच प्रश्न आहेत." तो घाबरून मागच्या बाजूनं शिडी लावून वर चढला. छप्पर त्यानं स्वतःच दुरुस्त केलेलं होतं. तिसऱ्या पावलाला त्याचा एक पाय आत गेला आणि तो मांडीपर्यंत अडकून बसला. ताईनं खालूनच, आवाज न चढवता, दोन्ही प्रश्न विचारले. त्याला कुठे जाता येत नव्हतं, त्यामुळे त्यानं उत्तरं दिली. ती चित्रफीत देशभर दाखवली गेली. हॅल्वर्सननी तिला सिंहापुढून काढलं आणि शोधविभाग दिला. शोधविभाग म्हणजे ती, मी आणि झेरॉक्स मशीनशेजारचं एक टेबल.

नंतरची वर्षं चांगली गेली. गाडीचे मीटर मागे फिरवणारे, पोहण्याचे तलाव अर्धवट खणून पळणारे, मेलेल्या माणसांच्या नावानं चष्म्यांची सरकारी बिलं काढणारे, सगळे आमच्यापुढे पळाले. बोल्सावर ताईचं नाव झालं. काकूंच्या दुकानात बायका कपड्यांपेक्षा तक्रारीच जास्त आणायला लागल्या. अमक्याकडे फोच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, वाटीत मांसाचे चारच तुकडे असतात, तपास कर. तमकीची सून वय सहा वर्षांनी कमी सांगते, तपास कर. कॉफीच्या दुकानातले म्हातारे तर मला हाताला धरून बसवायचे. "ख्वा, तुझ्या ताईला सांग, या बुद्धिबळात हा समोरचा रोज दोनदा सोंगटी सरकवतो. कॅमेरा लपवता येईल का?"

आणि अशातच ताईला पुरस्कार जाहीर झाला.

देणारी संस्था होती व्हिएतनामी बुद्धिवंत महासंघ, तिचे अध्यक्ष डॉक्टर बांग होआन. होआनकाकांना सगळे ओळखत. बोल्सावर त्यांचं गाडी शिकवायचं केंद्र होतं, तिथेच ते लोकांचे सरकारी अर्ज भरून द्यायचे. माणूस गोड. कुणाचंही लग्न असो, पहिलं टेबल त्यांचं. पुरस्काराचा समारंभ मेजवानीच्या मोठ्या हॉटेलात होता. काकूंनी जांभळा रेशमी आओ याय घातला होता, आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, कॅमेऱ्याशिवाय खुर्चीवर बसलो होतो.

सूत्रसंचालकानं मान्यवरांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. डॉक्टर अमुक, डॉक्टर तमुक. शेवया संपल्या, मासा आला, तरी डॉक्टर संपेनात. एकदा त्यानं माइकवर नुसतं "डॉक्टरसाहेब, जरा इकडे या" म्हटलं तर वेगवेगळ्या टेबलांवरून नऊ जण उठले. त्यातला एक माझा गाडी दुरुस्तीवाला होता.

ताई माझ्याकडे झुकली. "ख्वा, हा तुझ्या गाडीचे ब्रेक बदलतो ना?"

"हो. चांगले बदलतो."

"डॉक्टर कशाचा आहे?"

"मला कधी बोलला नाही. बिलातही लावलं नाही."

मग तिला स्टेजवर बोलावलं. ढालीबरोबर होआनकाकांनी तिला एक सोनेरी चौकट दिली. सुवर्णकमळ आंतरराष्ट्रीय विद्यापीठातर्फे पत्रकारिता व लोककल्याण या विषयातली मानद डॉक्टरेट. टाळ्या झाल्या. काकू उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. ताई जागेवर येऊन बसली, चष्मा लावला आणि पदवी वाचायला लागली. तिची ती वाचायची पद्धत मला माहीत होती. ती आधी तळातला बारीक मजकूर वाचते. मी मनात म्हटलं, मासा गार व्हायच्या आत खाऊन घ्यावा.

"विद्यापीठाचा पत्ता बोल्साचाच आहे," ती म्हणाली. "एकशे सात नंबर. कधी पाहिलंयस का रे, बोल्सावर विद्यापीठ?"

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. त्या पत्त्यावर टपालपेट्या भाड्यानं देणारं दुकान होतं. एकशे सात नंबरची पेटी वरून तिसऱ्या रांगेत होती. विद्यापीठाची लांबी-रुंदी साधारण चपलांच्या खोक्याएवढी.

ताईनं सहा आठवडे काम केलं. सरकारी नोंदी काढल्या, माणसं गाठली. सुरुवातीला मला वाटलं, हा सगळा हौसेचा मामला आहे, म्हाताऱ्यांना खेळू द्यावं. पण या डॉक्टरांपैकी अकरा जणांनी पाट्या लावल्या होत्या. एक जण 'आहारवैद्यक डॉक्टर' म्हणून मधुमेहाची भुकटी विकत होता. त्याच्या भिंतीवर सुवर्णकमळची चौकट बघून एका आजीनं इन्सुलिन बंद केलं आणि पायाची दोन बोटं गमावली. ती आजी आम्हाला म्हणाली, "चौकट केवढी मोठी होती, पोरी. एवढी मोठी चौकट खोटी कशी असेल?"

गाडीत बसल्यावर ताई म्हणाली, "होआनकाकांकडे जाऊ. कॅमेरा चालू ठेवूनच जाऊ."

मी गुडघ्यांना पट्टे बांधले. नेहमीसारखी पळापळ होणार या हिशेबानं मी मागच्या दाराचाही अंदाज घेऊन ठेवला होता. ताईनं पुढचं दार ढकललं आणि माइक पुढे करून आपलं ठरलेलं वाक्य इंग्रजीत म्हटलं. "मिस्टर बांग, मी विवियन लाक. दोनच प्रश्न आहेत."

होआनकाका पळाले नाहीत. ते खुर्चीतून उठले आणि त्यांचा चेहरा खुलला. "अगं ये, ये. ख्वापण आलाय का? दार लाव रे, एसी चालू आहे. चहा टाकतो. आणि पोरी, दोनच का, चार विचार. आणि हे मिस्टर-बिस्टर काय? काका म्हण."

इथे ताईची पंचाईत झाली. तिचं व्हिएतनामी सात वर्षांच्या मुलीचं. होडीत बसताना जेवढं येत होतं तेवढंच. आर्थिक गैरव्यवहार, बनावट दस्तऐवज, असले शब्द तिला त्या भाषेत ठाऊकच नव्हते. आणि आमच्या भाषेत समोरच्याला नातं लावल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. ती अडखळली आणि म्हणाली, "काका, तुम्ही खोटं खोटं विद्यापीठ का काढलंत हो?"

मी कॅमेऱ्याच्या मागून पाहत होतो. छप्परवाला ठेकेदार, चष्मेवाले, तलाववाले, कुणाच्याही चेहऱ्यावर मी असं काही पाहिलं नव्हतं. होआनकाका ओशाळले.

"खोटं म्हणजे, तसं नाही गं," ते म्हणाले. "इथं कोण कोण आहे बघ. तिकडे न्यायाधीश होता, इकडे पार्किंगमध्ये पावत्या फाडतो. कर्नल होता, डोनट तळतो. त्यांना कुणीतरी साहेब म्हणायला नको? मी त्यांना एक कागद दिला. झगा भाड्यानं आणला, फोटो काढला. रडतात गं माणसं त्या झग्यात. मी स्वतः बघितलंय."

"आणि ते भुकटीवाले काका? त्या आजीची बोटं गेली."

"ते मला नंतर कळलं."

"कळल्यावर तुम्ही काय केलंत?"

होआनकाकांनी चहाचा पेला फिरवला. "त्याला फोन केला. म्हटलं, बाबा, फार भुकटी विकू नकोस." मग ते ऐकायला कसं वाटतंय हे त्यांच्याच लक्षात आलं असावं. उठून त्यांनी कपाट उघडलं आणि एक जाड वही ताईच्या हातात ठेवली. "ही घे. सगळे पदवीधर आहेत. तीनशे बारा. मी काही लपवणार नाही. तू आपल्या गुरुजींची पोर आहेस."

गुरुजींची पोर का म्हणाले ते आम्हाला गाडीत कळलं. ताई वही चाळत होती. नगरपालिकेचे एक सदस्य होते, दातांचे दोन डॉक्टर होते, त्यांना खरी पदवी पुरली नव्हती. वकील केनी त्राक होता, ज्याचा हसरा चेहरा प्रत्येक महामार्गावरच्या फलकावर असायचा: 'अपघात झाला? डॉक्टर केनीला फोन करा.' आणि दोनशे अकराव्या ओळीत होते लाक दिन तुएन, डॉक्टर, विषय भूगोल. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. गुरुजी गेले त्याच्या दोन महिने आधीची.

ताईनं वही मिटली. "आईकडे घे गाडी," ती म्हणाली.

काकू ओट्याशी पालेभाजीची पानं खुडत होत्या. मला म्हणाल्या, "बस, ख्वा. वाळलायस." मी वाळलो नव्हतो, पण बसलो. ताई उभीच राहिली.

"आई, बाबांची डॉक्टरेट तू घेतलीस?"

"मी नाही तर कोण घेणार? तू त्या चष्मेवाल्यांच्या मागे होतीस."

"ती खोटी आहे, आई. विद्यापीठच नाही. एक टपालपेटी आहे नुसती."

"मला माहीत आहे. त्या दुकानात मीच पैसे भरायला गेले होते. पेटी बघितली मी."

ताई खुर्ची ओढून बसली. "मग कशाला घेतलीस?"

"खरीला सहा वर्षं लागतात," काकू म्हणाल्या. "होआन आठ दिवसांत देत होता. तुझ्या बाबांकडे दोन महिने होते."

काकू पानं खुडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत नसेल. शाळा सुटल्यावर ते वर्ग पुसायचे ना, तेव्हा फळ्यावर पोरांनी काढलेले नकाशे असायचे. यांना राहवायचं नाही. चुकीची नदी पुसायचे आणि बरोबर काढून ठेवायचे. महिनाभर केलं."

"मग?"

"मग काय. वर्गाच्या बाईंनी तक्रार केली की सफाईवाला खडू वापरतो."

ताईनं चष्मा काढून पुसला. "बाबांना माहीत होतं, कागद खोटा आहे ते?"

"भूगोलाचे मास्तर होते ते. बोल्सावर विद्यापीठ नाही एवढं त्यांना कळत होतं. कागद हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, शाई चांगली आहे. मग नर्सला म्हणाले, मला डॉक्टर म्हण. ती बिचारी दोन महिने म्हणाली. खरे डॉक्टर राउंडला यायचे तेव्हा घोळ व्हायचा."

काकू हसल्या, आणि मग ताईसुद्धा हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

"आई, माझ्याकडे तीनशे बारा नावं आहेत. एक गाळलं तर बाकीची मी कुठल्या तोंडानं दाखवू?"

"मी कुठे म्हटलं गाळ म्हणून? दाखव. फक्त नाव नीट म्हण. तुझ्या त्या चॅनलवर माझ्या नवऱ्याला कुणी उणीव म्हणालं तर मी तिथे येईन."

ताईनं अकरा मिनिटांची बातमी तयार केली. मी बावीस वर्षांत टिपलेल्यांतली ती सर्वांत चांगली होती, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगतो. आजीचे पाय होते, टपालपेटी होती, होआनकाकांचा चहा होता. आणि शेवटी काकू, हातात गुरुजींची चौकट घेऊन, "हो, मीच घेतली," असं म्हणणाऱ्या.

हॅल्वर्सननी ती बघितली आणि डोळे पुसले. मग म्हणाले, "अप्रतिम आहे. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत बसव."

"अकरा मिनिटांची आहे."

"त्या दिवशी भोपळा आहे, विवियन. परगण्यातला सर्वांत मोठा भोपळा. हेलिकॉप्टर आधीच ठरलंय." त्यांनी दार लावून घेतलं. "आणि तो वकील काढ. केनी त्राक."

"का?"

"यादीत तीनशे बारा जण आहेत. तीनशे अकरा पुरेसे नाहीत का?"

केनी त्राक आमच्या सहाच्या बातम्यांचा सर्वांत मोठा जाहिरातदार होता, हे हॅल्वर्सन बोलले नाहीत. बोलायची गरज नव्हती. आमच्या कँटीनचं नवं कॉफी मशीनसुद्धा त्यानंच दिलं होतं, आणि त्यावर त्याचा फोटो चिकटवलेला होता. ताई वाद घालत बसली नाही. तिनं दोन मिनिटं पन्नास सेकंदांची बातमी केली आणि त्यातून वकील काढला. मला वाईट वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. ती म्हणाली, "ख्वा, आजच्या जाहिरातींचा क्रम बघून ये बरं."

बातमी गेली. गुरुजींचं नाव तिनं असं म्हटलं की काकूंना कुठे यावं लागलं नाही. नंतर स्टुडिओत निवेदकानं तिला तो ठरलेला प्रश्न विचारला, समोरच्या पडद्यावर वाचून: "विवियन, अशा बोगस डॉक्टरांपासून सावध राहण्यासाठी प्रेक्षकांनी काय करावं?"

"जाहिराती नीट बघाव्यात," ताई म्हणाली. "कुणी नावापुढे डॉक्टर लावलं असेल तर पदवी कुठली ते विचारावं. आता पुढची जाहिरात लागेल, तीच बघून सुरुवात करता येईल."

निवेदक हसला, त्याला काही कळलं नव्हतं. लगेच जाहिरात लागली. महामार्ग, आदळलेली गाडी, आणि तो ओळखीचा हसरा चेहरा: "अपघात झाला? मी डॉक्टर केनी."

मी नियंत्रण कक्षाच्या काचेतून हॅल्वर्सनकडे बघितलं. ते शांतपणे खुर्चीत बसले होते, विमान चुकलेला माणूस बसतो तसे.

पुढचा आठवडा बोल्सावर मोठा गेला. चॅनलच्या दारात झेंडे घेऊन मोर्चा आला. मोर्चात दोन गट होते. एका गटाचं म्हणणं, ताईनं समाजाची अब्रू घालवली. दुसऱ्या गटाचं म्हणणं, वहीतली सगळी नावं वाचली नाहीत, ठरावीक लोकांनाच प्रसिद्धी दिली. डोनटवाले कर्नल दुसऱ्या गटात होते. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "माझा विषय युद्धशास्त्र होता. ते तरी सांगायला काय हरकत होती?" नगरपालिकेच्या सदस्यांनी पत्रकार परिषद घेऊन आपण फसवले गेल्याचं सांगितलं आणि फसवले गेलेल्यांची एक समिती काढली. तिचे अध्यक्ष तेच झाले. माझ्या गाडी दुरुस्तीवाल्यानं चौकट उतरवली, पण भिंतीवरचा फिका चौकोन काही जाईना, म्हणून त्यानं तिथे मुलीच्या लग्नाचा फोटो लावला.

भुकटीवाल्याचं दुकान सरकारनं बंद केलं. त्याच्यावर खटला भरला गेला आणि तो तुरुंगात गेला. त्या आजीनं ताईला फोन करून सांगितलं की तिनं इन्सुलिन परत सुरू केलंय आणि नव्या डॉक्टरची चौकट अगदीच लहान आहे. होआनकाकांना दंड झाला, विद्यापीठ बंद झालं. कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्यांनी एकाही आरोपाला नकार दिला नाही. त्यांच्या वकिलाला त्याचा फार त्रास झाला.

केनी त्राकनं फलकांवरचा 'डॉक्टर' पुसला आणि चॅनलच्या जाहिराती काढून घेतल्या. कॉफी मशीनपण घेऊन गेला.

ताईला कुणी काढलं नाही. चॅनल असं वागत नाही. दोन महिन्यांनी फेररचना झाली, शोधविभाग हवामान विभागात विलीन झाला आणि हवामान विभागात जागा नव्हती. तिच्याबरोबर मीही विलीन झालो. हॅल्वर्सननी आमच्यासाठी केक मागवला आणि भाषण केलं. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, तीन तुकडे खाल्ले त्यांनी.

चार महिने ताई घरी बसली. मग बोल्सावरच्या एका व्हिएतनामी इंटरनेट वाहिनीनं तिला अर्ध्या तासाचा कार्यक्रम देऊ केला. जागा म्हणजे नखं रंगवायच्या दुकानाच्या वरची खोली. खालून अॅसिटोनचा वास यायचा. ताई म्हणाली, "मला ही भाषा येत नाही, ख्वा. मी सहाव्या मिनिटाला रडेन."

पहिल्या भागाला खरंच वाईट दशा झाली. आमच्या भाषेत सूर चुकला की अर्थ बदलतो. ताईला महापौरांना 'निर्णय' विचारायचा होता आणि तिनं वेगळंच काहीतरी विचारलं. फोनवर फोन आले. महापौरांबद्दल तीन, ताईच्या सुरांबद्दल एकशे साठ. दुसऱ्या आठवड्यात काकू स्वतःहून वर आल्या, तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि भर कार्यक्रमात तिला सुधारायला लागल्या. "असं नाही, वी. जिभेला वर घे." प्रेक्षक दुप्पट झाले. अर्धे लोक लाचखोरी बघायला यायचे, अर्धे मायलेकींचं बोलणं ऐकायला.

पण खरी गंमत माणसांना गाठताना व्हायची. गेल्या वसंतातली गोष्ट. गार्डन ग्रोव्हला चाकांवरच्या घरांची एक वसाहत आहे, म्हाताऱ्या लोकांची. मालक फाट नावाचे गृहस्थ, सत्तरीचे. त्यांनी पाण्याचे नळ दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं आणि लोकांनी तक्रार केली की त्यांना जागा सोडायच्या नोटिसा पाठवायचे. इंग्रजी चॅनलची एक पत्रकार आमच्या आधी जाऊन आली होती, तिला त्यांनी वकिलाचं कार्ड देऊन गेटबाहेर काढलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते गेटपाशी कुंडीला पाणी घालत होते. वसाहतीत पाणी नव्हतं, कुंडीला होतं.

ताईनं माइक पुढे केला आणि तिच्या त्या सात वर्षांच्या भाषेत म्हणाली, "काका, या सगळ्या आज्या बादल्या उचलतात. तुम्हाला बरं वाटतं का हो?"

फाटकाका माझ्याकडे बघायला लागले, जणू मी काही मदत करणार होतो. मग हळूच म्हणाले, "तू कुणाची गं?"

"तुएन गुरुजींची."

"कान थोचे? भूगोलाचे?" त्यांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "मला शिकवायचे ते. आठवीला." जरा थांबून ते म्हणाले, "कॅमेरा बंद कर ना, बाळा."

"नाही काका. बंद नाही करता येत. तुम्ही आधी सांगा."

पळावं तर पुतणीपुढे कसं पळणार? त्यांनी सांगितलं. सव्वीस मिनिटं सांगितलं, सगळं, नोटिसा कुणी लिहून दिल्या तेसुद्धा. माझे गुडघे जागेवर होते. नगरपालिकेनं तो भाग बघितला, नोटिसा रद्द झाल्या, जूनपर्यंत नळ आले. फाटकाकांना दंड भरावा लागला. अजून दिसले की ताईला "जेवलीस का?" विचारतात, आणि ती "जेवले, काका" म्हणते, कारण दुसरं काय म्हणणार.

नळ आल्यावर वसाहतीतल्या आज्यांनी फणस आणला. दोघींनी मिळून उचललेला, केवढा तरी. ताईनं हात जोडले. बातमीबद्दल कुणाकडूनही काही घ्यायचं नाही हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. तिनं त्यांना तो समजावून सांगितला, सूर चुकत चुकत. आज्या ऐकत होत्या. काकूंनी तेवढ्यात विळीला तेल लावलं, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली आणि मला म्हणाल्या, "ख्वा, त्या बाजूनं धर."